मागच्या लॅबचे दिवे

"हंड्या देवळाला हव्यात का बंगल्याला?" सांगलीच्या गणपती पेठेतल्या दुकानदारानं मला विचारलं.

"लॅबला," मी म्हणाले.

"कसली लॅब?"

"दातांची. आमचे हे दात करतात. कवळ्या, कॅपा, सगळं."

त्यानं हातातली दुधी काचेची हंडी जपून काउंटरवर ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. "दात करायला एवढे देखणे दिवे कशाला, वहिनी? साधी ट्यूब लावा."

"दात करणारी माणसं असतात ना? तीही दिवसभर त्याच उजेडात बसतात," मी म्हणाले.

तीन हंड्या घेतल्या, पितळी दांडीच्या. शिवाय टेबलांवर वाकणारे, हिरव्या टोपीचे दोन दिवे. दुकानदारानं एकेक लावून दाखवला तेव्हा माझ्या हातावर, बांगड्यांवर असा काही सोनेरी उजेड पडला, की ती पाच मिनिटं मी कुणीतरी वेगळीच होते. मिरजेला परत येताना बसमध्ये हंड्यांचं खोकं मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर म्हणाला, खाली ठेवा. नाही ठेवलं.

कारण ते काम मला यांनी दिलं होतं. लग्नाला सोळा वर्षं झाली होती. सोळा वर्षं आमच्या पुढच्या खोलीतच यांची लॅब. प्लास्टरची पांढरी भुकटी पोळ्यांवर बसायची, भट्टीचा वास गाद्यांना यायचा, आणि तरी त्या कामातलं एक अक्षर यांनी मला कधी विचारलं नव्हतं. आता घरामागं, पेरूच्या झाडाशेजारी, वीस बाय बाराची स्वतंत्र खोली बांधून झाली होती, आणि हे एका सकाळी दाढी करता करता म्हणाले, "अगं, दिवे तू निवड. तुझी नजर चांगली आहे."

मागची खोली बांधायचं कारण शैला साळोखे. हे कवळ्या करण्यात वाकबगार होते, पण चिनी मातीच्या कॅपा यांना येत नव्हत्या, आणि गावातले दंतवैद्य आता त्याच मागत होते. साळोखे मुंबईच्या एका मोठ्या लॅबमध्ये चार वर्षं काम करून आलेली. वडील गेले, आई कोल्हापुरात एकटी, म्हणून ती परत आली आणि मिरजेत खोली घेऊन राहिली. सव्वीस वर्षांची होती. सावळी, काटकुळी, नखं मुळापासून कापलेली, घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. दिसायला चारचौघींसारखी. मी पहिल्याच दिवशी नीट बघून घेतलं होतं आणि निर्धास्त झाले होते.

पण हे तिला 'साळोखे' म्हणायचे. "साळोखे, हे बघा जरा." "साळोखे, तुमचं काय मत?" आमच्या घरात मी 'अगं' होते, मुलगी कल्याणी 'ए' होती, आणि अहो-जाहो फक्त तिला होतं. मत फक्त तिला विचारलं जायचं.

इस्माईल वायरमननं दुपारपर्यंत हंड्या टांगल्या. संध्याकाळी हे आणि साळोखे बाहेरून आले तेव्हा मी दारात उभी होते. मी बटण दाबलं. खोली अशी उजळली की इस्माईलसुद्धा म्हणाला, "वहिनी, निकाह लावावा इथं."

"वा!" हे म्हणाले. एवढंच, पण मनापासून म्हणाले.

साळोखे हंड्यांखाली जाऊन उभी राहिली. वर बघत राहिली. मग म्हणाली, "वहिनी, दिवे फार सुंदर आहेत." आणि थांबली. मी पुढच्या 'पण'ची वाट बघत राहिले. तो आलाच.

"पण इथं चालणार नाहीत."

तिनं पिशवीतून शेड गाईड काढलं. म्हणजे खोट्या दातांची एक पट्टी. रंगाच्या दुकानात छटांचं कार्ड असतं तशी. प्रत्येक दाताची छटा वेगळी, प्रत्येकाला नंबर. दोन दात सुटे करून तिनं माझ्या तळहातावर ठेवले.

"यांत फरक दिसतो?"

"नाही."

"चला बाहेर."

ऊन उतरलं होतं, पण उजेड होता. पेरूखाली मी तळहात उघडला. एक दात पिवळसर होता आणि दुसरा राखेच्या रंगाचा. आंधळ्यालाही दिसावं इतका फरक.

"पिवळ्या दिव्याखाली सगळे दात सारखेच चांगले दिसतात," ती म्हणाली. "मी तिथं कॅप करीन, डॉक्टर बसवतील, आणि पेशंट उन्हात गेला की कळेल. म्हणून आपल्याला दिवसासारखा उजेड लागतो. तशा ट्यूब मिळतात."

ती हे मला शिकवण्याच्या सुरात म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती अगदी साधेपणानं म्हणाली. आणि हे? यांनी माझ्या हातातून ते दोन दात उचलले आणि खोलीत गेले, बाहेर आले, पुन्हा खोलीत गेले. नवीन खेळणं मिळालेल्या पोरासारखे चारदा आत-बाहेर केले.

"साळोखे, बावीस वर्षं दात करतोय मी," हे म्हणाले, "हे मला कुणी दाखवलं नव्हतं!"

यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. कल्याणी झाली तेव्हाही नाही.

दुसऱ्या दिवशी इस्माईलनं हंड्या उतरवल्या. त्या पुढं माझ्या नणंदेच्या बंगल्यात लागल्या, अजून आहेत.

नवे दिवे आणायला हे दोघं कोल्हापूरला गेले. सकाळच्या गाडीनं गेले ते दिवेलागणीला परत आले. मी दुपारी एकपासून वांग्याची भाजी तीनदा गरम केली होती.

"जेवायला वाढू?"

"नको, उशिरा जेवलो. साळोखेच्या घरी. तिच्या आईनं झुणका-भाकरी केली होती. नको म्हटलं तर ऐकेनात." मग हे हसले. "म्हातारी भारी आहे हं. मला म्हणते, आमच्या शैलाला रागवत जा, ती कुणाचं ऐकत नाही."

घरी आल्यावर हे कधी दुकानातलं, रस्त्यातलं, कुणाच्या आईचं सांगत नसत. त्या दिवशी दहा मिनिटं सांगत होते. मी भाजीचं पातेलं उचलून मागं ठेवलं.

त्या ट्यूबा दिसायला नेहमीच्या ट्यूबांसारख्याच, चार फुटी. साळोखेच्या टेबलावर दोन लावल्या, एका लांबट पांढऱ्या पेटीत, खाली दुधी पत्रा. भिंतींना तिनं राखाडी रंग द्यायला लावला. रंगीत भिंतीचा रंग दातावर पडतो म्हणे. मला ती खोली शवागारासारखी वाटायची. पण हे सकाळी चहा घेऊन जे मागं जायचे ते जेवायलाच यायचे. मी चहा-खाणं घेऊन गेले की दारातून दिसायचं: त्या स्वच्छ उजेडात दोघांची डोकी एकाच दातावर वाकलेली. ती ब्रशच्या टोकानं मातीचा कण ठेवतेय, हे श्वास रोखून बघताहेत. एकमेकांना कधी हात लागला नाही. हात लागला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

मी एकदा भांडायचा प्रयत्न केला. म्हटलं, "आता तुम्ही तिचेच विद्यार्थी झालात."

"झालोच," हे म्हणाले. "या वयात शिकायला मिळतंय, नशीब."

मी पोळ्या लाटायला गेले.

तिचं कधीच काही चुकत नव्हतं. डॉक्टर हुपरीकर तर म्हणायचे, उगारेंच्या, म्हणजे आमच्या, लॅबची कॅप आणि खरा दात मला ओळखता येत नाही. हे ती स्तुती घरी येऊन मला ऐकवायचे, जणू मीही आनंदानं उड्या माराव्यात. मी रात्रंदिवस एकच म्हणत होते, एकदा चुकू दे. एकदा तरी हिचं चुकू दे.

ज्येष्ठातल्या एका सोमवारी हे आणि ती डॉक्टरांकडे काम पोचवायला गेले होते. कल्याणी शाळेत होती. मी लॅबमध्ये झाडू मारायला गेले. वर बघितलं. मग स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं.

पंधरा मिनिटांचं काम. तिच्या टेबलावरच्या दोन्ही ट्यूबा काढल्या, आणि स्वयंपाकघरातली एक व कोठीच्या खोलीतली एक, अशा आमच्या साध्या ट्यूबा तिथं चढवल्या. तिच्यावाल्या घरात लावल्या. चार फुटांची काच दुसरीकडे लपवणार कुठं? बटण दाबून बघितलं. पांढराच उजेड. मला काडीचाही फरक दिसला नाही, आणि मी स्टूलवरून उतरताना मनाशी म्हणाले, हिला तरी कुठं दिसणार आहे, उगाच मोठेपणा.

असं म्हणाले खरं. पण मला फरक पडायला हवा होता. नाहीतर स्टूल कशाला आणलं असतं?

बुधवारी संध्याकाळी वनिता आली. कवठेमहांकाळजवळच्या गावातली, वीस-एकवीस वर्षांची, बरोबर वडील. लूनावरून पडून पुढचा दात अर्धा तुटलेला. रविवारी लग्न. नवऱ्याकडच्यांना सांगितलेलं नव्हतं. डॉक्टरांनी उरलेला दात घासून बारीक करून, माप घेऊन तिला लॅबमध्ये पाठवलं होतं. पुढचा दात म्हणून रंग समोरासमोर बघून घ्या म्हणाले होते.

आभाळ गच्च भरलं होतं. एरवी साळोखे पेशंटला खिडकीशी नेऊन खात्री करायची. त्या दिवशी खिडकीत उजेडच नव्हता. तिनं वर ट्यूबकडे बोट दाखवून वनिताला सांगितलं, "घाबरू नको. हा दिवस आहे असं समज. तुला स्वतःला ओळखता येणार नाही."

मी चहाचे कप गोळा करत होते. मी तिथं होते. मला बोलता आलं असतं. वनिता माझ्याकडे बघून ओठ मिटून हसली. दात दिसू नये म्हणून तसं हसायची तिला सवय लागली होती.

शुक्रवारी संध्याकाळी डॉक्टरांनी कॅप बसवली. त्यांच्या खुर्चीवरच्या दिव्यात उत्तम दिसली. शनिवारी सकाळी मांडवाच्या दारात, उघड्या उन्हात, वनिताला हळद लागली.

दहा वाजता तिचे वडील मोटारसायकलवरून आले. कपाळाला, कानाला हळद तशीच. आधी डॉक्टरांकडे जाऊन आले होते. डॉक्टर मागोमाग आले.

"पोरीनं तोंडाला पदर लावलाय," वडील म्हणाले. सुरुवातीला आवाज चढला नव्हता. "पिवळ्या तोंडात निळा दात. कपबशीचा तुकडा बसवल्यासारखा. पाव्हण्यांच्या बायका आल्या होत्या हळद घेऊन. नवरदेवाच्या आत्यानं सगळ्यांत विचारलं, पोरीचा दात खोटा आहे का? आणि अजून काय काय खोटं आहे?" मग मात्र ते ओरडले. "सांगा, मी काय सांगू त्यांना?"

"मी आत्ता दुसरी करते," साळोखे म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "मला दिवस द्या."

"दिवस कुठनं आणू? उद्या बाराला अक्षता आहेत!"

डॉक्टर म्हणाले, आता काढायला गेलो तर खालचा दात दुखावेल, लग्न होऊन जाऊ दे, नंतर बदलू. हे हात जोडून उभे होते. यांना मी कुणापुढं तसं हात जोडून उभं राहिलेलं बघितलं नव्हतं. मग ते गृहस्थ मोटारसायकलवर बसले आणि किक मारता मारता त्यांना रडू आलं.

हे आणि साळोखे डॉक्टरांबरोबर दवाखान्यात गेले. घरात कुणी नव्हतं. मी पुन्हा स्टूल आणलं आणि दोन्ही ट्यूबा होत्या तशा जागेवर लावल्या. एक ट्यूब खाचेत बसायला तयारच होईना.

परत आल्यावर साळोखे टेबलाशी बसली. त्याच मातीचा, त्याच छटेचा एक तुकडा तिनं नमुना म्हणून ठेवला होता. तो तिनं ट्यूबखाली धरला. आता तो निळाच दिसला. वनितासाठी निवडलेला नंबर वहीत होता, वनिताचा साचा समोर होता. तिनं तो तुकडा खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"सर," ती म्हणाली, "मला हे बुधवारी दिसलं कसं नाही? माझे डोळे गेले का?"

मी दारात चहा घेऊन उभी होते. कपबशा वाजत होत्या म्हणून मी ट्रे पोटाशी दाबून धरला. हे तिच्याकडे बघत होते. मग यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चहा ठेव आणि जा."

लग्न झालं. पंधरा दिवसांनी साळोखेनं वनिताची नवी कॅप करून दिली. दिवसाढवळ्या, पेरूखाली खुर्ची टाकून रंग बघितला. आणि त्याच महिन्यात नोकरी सोडून कोल्हापूरला गेली. निघताना मला नमस्कार करून गेली. मी तिला खणा-नारळानं ओटी भरून पाठवलं. हो, भरली. आणि दार लावल्यावर स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले तेव्हा खरोखर छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

यांनी कॅपा करणं बंद केलं. पुन्हा कवळ्या. कुणी विचारलं तर म्हणायचे, हाताखाली माणूस नाही. मला वाटायचं, चला, माझा माणूस मला परत मिळाला. हे संध्याकाळी वेळेवर घरात यायचे, पेपर वाचायचे, मी विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचे. आधीही असंच तर होतं. मग मला कशाची चुटपुट लागायची ते कळायचं नाही.

अशी बावीस वर्षं गेली.

गेल्या संक्रांतीला मी कोल्हापूरला कल्याणीकडे गेले होते. नातवानं दिलेली चिक्की चावली आणि वरचा पुढचा दात कटकन तुटला. कल्याणीच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंनी दात घासून माप घेतलं आणि म्हणाल्या, "आजी, पुढचा दात आहे. रंग बघायला तुम्हाला लॅबमध्येच पाठवते. आमच्या गावातली सगळ्यात चांगली लॅब आहे." चिठ्ठीवर नाव बघायचं मला सुचलं नाही.

लॅब राजारामपुरीत, तळमजल्यावर. आठ-दहा पोरं-पोरी टेबलांवर वाकलेली. भिंती राखाडी. वर लांबट पांढऱ्या पेट्या. मी दारातच थबकले, आणि आतल्या खोलीतून ती बाहेर आली. केस पिकलेले, चष्मा, अंगानं भरलेली. घड्याळाची तबकडी आतल्या बाजूला.

"या वहिनी," ती म्हणाली. "मापाबरोबरच्या चिठ्ठीवर पद्मजा भूपाल उगारे वाचलं तेव्हाच ओळखलं."

पळून जायचं वय नव्हतं. मी खुर्चीत बसले. तिनं हात धुतले, मान मागं टेकवायला सांगितली, ओठ बाजूला धरणारी प्लास्टिकची कडी तोंडात बसवली. आता मला बोलता येणार नव्हतं. तिनं दातांची पट्टी माझ्या तोंडाशी आणली.

"एक सांगते," ती खालच्या आवाजात म्हणाली, पट्टीवरचा एकेक दात लावून बघत. "सांगायचं नव्हतं. सरांना शब्द दिला होता. पण तुमचा दात माझ्या हातून व्हायचाय, आणि तुम्ही मनात धरून बसाल, की ही बाई आता मुद्दाम चुकीचा रंग लावणार. तसं काही होणार नाही. म्हणून सांगते."

मी खरंच तेच धरून बसले होते.

"तुम्ही चहा ठेवून गेलात ना, त्यानंतर सरांनी मला सांगितलं. म्हणाले, साळोखे, तुमचे डोळे ठीक आहेत. ट्यूबा बदलल्या होत्या. कुणी, ते विचारू नका." तिनं एक दात बाजूला केला, दुसरा लावला. "त्यांना त्याच आठवड्यात तुमच्या स्वयंपाकघरात कळलं होतं म्हणे. सकाळी चहा घेताना कोथिंबिरीच्या जुडीकडे बघत बसले होते. म्हणाले, एवढी हिरवी कोथिंबीर त्या खोलीत मी कधी बघितली नव्हती, पण का ते डोक्यात आलं नाही. शनिवारी परत आले तर कोथिंबीर पुन्हा काळपट. तेव्हा उलगडलं. जीभ जरा मागं घ्या."

मी जीभ मागं घेतली.

"मी म्हटलं, सर, मी जाते. तुमच्या घरात माझ्यामुळं नको. त्यांनी थांबवलं नाही. इथल्या लॅबला पत्र लिहून दिलं. आणि हे कुणापाशी बोलू नका म्हणाले. नाही बोलले." ती थोडी हसली. "अजून फोन करतात अधूनमधून. नवीन काही आलं का विचारतात. वनिताच्या मुलीची पण खबर असते त्यांना. तिच्या दातांच्या तारा आम्हीच केल्या."

मला शरम वाटायला हवी होती. ती नंतर आली, पुष्कळ आली. पण खरं सांगते, त्या खुर्चीत, तोंड वासून बसलेली असताना मला आधी जे वाटलं ते वेगळंच होतं. हे दोघं माझ्याबद्दल बोलले होते. बावीस वर्षं या दोघांकडे एक गोष्ट होती, जी माझ्याकडे नव्हती. मी दारात ट्रे घेऊन जे शोधत उभी राहायचे, ते त्या दोघांत कधीच नव्हतं. एकच गुपित होतं त्यांचं, आणि तेही मी स्टूलवर चढून त्यांच्या हातात दिलेलं.

"उठा," ती म्हणाली. "खिडकीशी चला. आता मी नुसत्या दिव्यावर भरवसा ठेवत नाही."

खिडकीत तिनं माझी हनुवटी वर केली आणि खूप वेळ बघितलं. कडी काढल्यावर मी म्हणाले, "शैला…" तिनं माझ्या दंडावर थोपटलं आणि नंबर लिहायला वळली.

चार दिवसांनी कॅप बसवून मी मिरजेला आले. हे ओसरीवर बसले होते. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, तेव्हापासून प्रत्येक रंग किती लखलखीत दिसतो याचं कौतुक करत असतात.

"बघू," हे म्हणाले. "इकडे ये. सावलीत नको, अशी ये."

यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि उन्हाकडे वळवला. लग्नाला अडतीस वर्षं झाली. यांनी माझा चेहरा असा हातात कधी धरला होता, मला आठवेना. यांच्या बोटांना अजून प्लास्टरचा खरखरीतपणा आहे.

यांनी माझा ओठ अंगठ्यानं जरा वर केला. मग म्हणाले, "टोकाला पाण्यासारखं पारदर्शक ठेवलंय. हे साळोखेचं काम."

"हो."

"कशी आहे?"

"बरी आहे." "तिनं सगळं सांगितलं."

यांनी हात काढले नाहीत. वरच्या झाडावर पोपट ओरडत होते.

"मला विचारलं का नाहीत?" मी म्हणाले. "त्याच दिवशी? एकदा तरी?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते."

"मग मला तुझं ते खोटंही जपावं लागलं असतं," हे म्हणाले. "एक होतं तेवढं पुरे होतं."

मला रडू येत होतं आणि हे अजून दाताकडेच बघत होते. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. यांचा चेहरा उजळला होता, अगदी पूर्वीसारखा.

"काय जुळवलाय!" हे म्हणाले. "हस बघू एकदा. ओठ मध्ये येतोय, नीट दिसत नाही."

यांना दात बघायचा होता, तिचं काम बघायचं होतं, हे मला ठाऊक होतं. ते मला अजूनही झोंबलं. तरी मी हसले, आणि यांचे हात निघेपर्यंत हसत राहिले.